तीन थेंब तेल

देवरावांनी वाटीत कोंबडीचं पीस बुडवलं, काठावर निथळू दिलं आणि टाइपरायटरच्या पोटात, जिथं सगळ्या अक्षरांच्या काड्या एकत्र येतात तिथं, अलगद टेकवलं. एक थेंब मध्ये. एक डावीकडे, एक उजवीकडे. मग ते मागं सरकून उभे राहिले.

"मार आता," ते म्हणाले.

शकुननं डाव्या करंगळीनं 'ए' दाबला. काडी वर आली, कागदावर आपटली आणि आपल्या जागी परतली. एस, डी, एफ. सगळ्या मुकाट्यानं परतल्या. ओळ संपताना घंटी वाजली. या मशीनची घंटी जराशी चिरलेली होती, त्यामुळं तिचा आवाज फुटक्या वाटीसारखा यायचा. देवरावांना मात्र तो देवळाच्या घंटेपेक्षा गोड वाटत असावा, कारण दर वेळी ते मान डोलवायचे.

"पाह्य. तेलच पाहिजे होतं त्याले."

हे रोजचंच होतं. सकाळी तेल दिलं की मशीन अर्धा तास शहाण्यासारखं चालायचं. मग एखाद्या ओळीच्या मध्येच 'ई'ची काडी वर जायची ती तिथंच उभी राहायची. बोटानं धरून ती खाली ओढावी लागे. मग 'टी' अडायचा, मग 'ओ', आणि दुपारपर्यंत सगळ्या काड्या एकमेकींत अडकून बसायच्या. इंग्रजीत 'ई'वाचून दोन शब्द पुढं जाता येत नाही, हे शकुनला या मशीननंच शिकवलं होतं.

अमरावतीची परीक्षा सहा दिवसांवर आली होती.

परीक्षा म्हणजे एका सरकारी कचेरीतल्या इंग्रजी टाइपिस्टच्या जागेची. दहा मिनिटं, तीनशे शब्द. बोलावण्याच्या पत्रात शेवटी एक ओळ होती, उमेदवारानं आपलं यंत्र आपण आणावं. देवराव अकोल्याच्या कचेरीत बावीस वर्षं शिपाई होते आणि येत्या मार्चमध्ये निवृत्त व्हायचे होते. घरात दुसरं कमावणारं कुणी नव्हतं. शकुन मॅट्रिक झाली होती, टायपिंगच्या क्लासला जात होती, आणि वस्तीतली मॅट्रिक झालेली ती पहिली मुलगी होती. त्यामुळं सहा दिवसांनी काय होणार याची काळजी घराइतकीच गल्लीलाही होती.

मशीन देवरावांनीच आणलं होतं. कचेरीत नवं आलं तेव्हा जुनं मोडीत निघालं. मोडीच्या लिलावात त्याला कुणी विचारलं नाही, देवरावांनी विचारलं. हातगाडी येईपर्यंत त्यांना धीर निघाला नाही, गोणपाटात गुंडाळून खांद्यावरून घरी आणलं आणि चार दिवस खांदा शेकत बसले. त्या मशीनला ते नवीन नव्हते, मशीन त्यांना नवीन नव्हतं. कचेरीतले मोठे बाबू दर शनिवारी फायली आवरल्या की मशीनचं झाकण उघडत आणि चोचीच्या छोट्या डबीतून तीन थेंब तेल सोडत. देवराव तेव्हा दाराशी उभे असत. टेबल पुसायला दुसरा शिपाई होता. देवरावांनी फायली उंबऱ्यापर्यंत आणायच्या आणि तिथं ठेवायच्या, असा तिथला रिवाज होता. कायद्यानं तो कधीच बंद झाला होता, पण कायदा काही मोठ्या बाबूंच्या खोलीत रोज येऊन बसत नव्हता. एवढ्या वर्षांत देवरावांनी ते तेल उंबऱ्यावरून शेकडो वेळा पडताना पाहिलं. पातळ होतं, पिवळसर होतं. वास दारापर्यंत पोचत नसे.

म्हणून मशीन घरी आलं तेव्हा त्यांनी घरातलं सगळ्यांत चांगलं तेल काढलं, घाण्यावरचं जवसाचं. भागीरथेनं एरंडेल सुचवून पाहिलं, गाडीच्या चाकाला तेच घालतात म्हणाली. देवरावांना ते पटलं नाही. मशीन म्हणजे काय बैलगाडी आहे? आपण भाकरीवर घेतो ते तेल त्याला वाईट कसं होईल, असं त्यांनी विचारलं. मोठे बाबू आठवड्यातून एकदा तेल देत, देवराव रोज देऊ लागले. लेकीच्या मशीनला कमी पडू नये एवढाच त्यांचा हिशोब होता.

पहिला महिना मशीन पाण्यासारखं चाललं. मग अडू लागलं.

तेव्हापासून घरानं काय काय करून पाहिलं नाही! रिबन बदलली. टेबलाच्या पायाखाली खापरी घातली. थंडीनं आखडत असेल म्हणून रात्री त्यावर गोधडी घातली, सकाळी उन्हात ठेवलं, एकदा तर चुलीजवळ ठेवलं. पहिले दिवस असते तर मी त्याला कुंकू लावून नारळ फोडला असता, असं भागीरथा म्हणाली आणि लगेच जीभ चावली, कारण बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन सात वर्षं झाली होती आणि नवरा समोरच बसला होता. शकुननं एका वहीत लिहून ठेवायला सुरुवात केली की कोणतं अक्षर कितव्या ओळीला अडलं. वहीचा निष्कर्ष एकच निघत होता, तेल दिल्यावर मशीन चालतं आणि तेल वाळलं की अडतं. त्यावरून तेल आणखी द्यायला हवं हे कुणीही सांगितलं असतं. देवरावांनी सकाळचं तेल संध्याकाळीही सुरू केलं.

क्लासच्या चिंतामणराव मास्तरांना तिनं विचारलं. मास्तर मनानं चांगले होते, फी थकली तरी बोलत नसत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, ब्रशनं धूळ झटकायची, थोडं तेल द्यायचं. स्वतः येऊन बघितलं असतं, म्हणाले, पण तुमची वस्ती तिकडं, आणि मग त्यांना कुणाच्या तरी कागदातली चूक दिसली. कोणतं तेल हे त्यांनी सांगितलं नाही. त्यांच्या घरी हा प्रश्न कधी पडलाच नसणार. शकुननं घरी येऊन निरोप सांगितला, तेव्हा देवरावांची छाती दोन बोटं फुगली. मास्तरही तेच म्हणत होते.

परीक्षेच्या दिवशी पहिल्या बसनं ते निघाले. साडेतीन तासांच्या वाटेवर मशीन देवरावांच्या मांडीवर होतं. खड्डा आला की ते दोन्ही हातांनी त्याला वर उचलून धरत, त्यामुळं मूर्तिजापूर येईपर्यंत त्यांचे दंड भरून आले. शकुननं मागितलं तरी दिलं नाही. पिशवीत भाकरी होती, आणि तेलाची बाटली, वाटी, पीसही होतं. आत जायच्या ऐन आधी तीन थेंब द्यायचे, म्हणजे अर्ध्या तासाची निश्चिंती, असं त्यांचं ठरलेलं होतं.

अमरावतीत उतरल्यावर शकुनला स्टँडसमोरच्या गल्लीत एका दाराशी टाइपरायटरची पाटी दिसली. अकोल्यात असा दुरुस्ती करणारा त्यांना माहीत नव्हता. हातात दीड तास होता. देवराव म्हणाले, तू दाखव, मी तवर कचेरी पाहून येतो. कोणत्याही गावच्या कचेरीत एका शिपायाला दुसरा शिपाई गाठायला वेळ लागत नाही, आणि कोणत्या खोलीत कोणत्या खिडकीशी उजेड चांगला हे साहेबापेक्षा शिपायालाच जास्त ठाऊक असतं. ते बाटलीची पिशवी घेऊन गेले.

दुकानात पुंजाराम मेस्तरी एकटाच होता, साठीकडे झुकलेला. त्यानं झाकण काढलं, आत वाकून पाहिलं आणि बराच वेळ वर पाहिलंच नाही. मग टाचणीनं काड्यांच्या बुडाशी खरवडलं. पिवळा, चिवट पापुद्रा निघाला. तो त्यानं दोन बोटांत चोळला आणि नाकाशी नेला.

"जवस," तो म्हणाला. "हे कोणं टाकलं?"

शकुननं रस्त्याकडे पाहिलं. देवराव पलीकडे कचेरीच्या फाटकाशी एका चपराशाशी बोलत उभे होते. बोलताना हातानं मशीनची रुंदी दाखवत होते.

"मी," ती म्हणाली.

"अवं, हे खायचं तेल हाय. हे वाळलं का याचं रोगण होते. सुतार दरवाज्याले लावते ते हेच. रोज नवं टाकलं का जुनं मऊ होते, अन् वरून आणखी एक थर बसते." त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. "एवढी शिकली तू, अन् कोणाले पुसलं नाही?"

"पुसलं होतं," शकुन म्हणाली. वहीतली पानंच्या पानं तिच्या डोळ्यांपुढं आली. तिनं इतकं नीट लिहून ठेवलं होतं, आणि त्यातून इतकं उलटं वाचलं होतं.

मेस्तरी पेट्रोलमध्ये ब्रश बुडवून कामाला लागला. पाऊण तास तो घासत होता. हे मशीन दोन दिवस रॉकेलमध्ये ठेवायला हवं, आज फक्त वरवरचं निघालं आहे, असं त्यानं सांगितलं. दहा मिनिटं चालेल का, असं तिनं विचारलं. चाललं तर चाललं, म्हणाला. जाताना त्यानं फळीवरून एक चोचीची जुनी डबी काढून तिला दिली, अर्धी भरलेली. धुऊन वाळलं की यातलं दे, म्हणाला, आणि तेही महिन्यातून एकदा. शकुननं ती पदराआड धरली. बाहेर येऊन कमरेला खोचली, का ते तिचं तिलाच कळलं नाही.

कचेरीच्या व्हरांड्यात देवरावांनी वाटी काढली.

"नको बाबा," शकुन म्हणाली.

"काहून?"

"मेस्तरीनं आत्ताच साफ केलं. ते म्हणाले, आज नको."

देवरावांनी हातातल्या पिसाकडे पाहिलं. मेस्तरी म्हणाला म्हणजे बरोबरच असेल, असं पुटपुटत त्यांनी वाटी पुन्हा फडक्यात बांधली. त्यांना ते पटलेलं नव्हतं हे शकुनला दिसत होतं.

खोलीत चौदा मशीनं होती. शकुनला खिडकीजवळची जागा मिळाली, हे देवरावांचं काम. ते बाहेर गजांशी उभे राहिले. शिट्टी झाली आणि चौदा मशीनं एकदम सुरू झाली. त्या कल्लोळात कुणाला कुणाचं ऐकू येईना, पण देवरावांना आपली चिरकी घंटी ऐकू येत होती. दर घंटीला ते बोटाचं एक पेर मोजत. शकुन कागदावरून नजर उचलायची नाही असं ठरवून बसली होती, तरी डोळ्यांच्या कोपऱ्यात ते पेरांवरून सरकणारं अंगठ्याचं नख तिला दिसत होतं. तीस घंट्या झाल्या की तीनशे शब्द, हा हिशोब तिनंच त्यांना सांगितला होता.

मशीन चाललं. तिला विश्वास बसेना इतकं चाललं. दहा घंट्या झाल्या, पंधरा झाल्या. सतराव्या ओळीला 'ई' जरा रेंगाळत परतला. एकोणिसाव्या ओळीला तो वर गेला आणि उभा राहिला.

तिनं बोटानं ओढला. पुढच्या शब्दात पुन्हा. मग 'टी' त्याच्यावर चढला. तिची बोटं काळी झाली, कागदावर डाग पडला. डाव्या हातानं काडी धरायची आणि उजव्या हातानं मारायचं असं तिनं करून पाहिलं. शेजारची मुलगी पान उलटून पुढं गेली. वेळ संपल्याचं सांगण्यात आलं तेव्हा शकुनच्या कागदावर बावीस ओळी होत्या. तिनं वर पाहिलं. देवरावांचा अंगठा एका पेरावर टेकलेला होता आणि तो तिथून हलला नव्हता. पुढच्या घंटीची ते अजून वाट पाहत होते.

परतीच्या बसमध्ये मशीन पुन्हा त्यांच्या मांडीवर होतं. बडनेरा मागं पडलं. मग देवराव म्हणाले,

"मेस्तरी काय म्हणे?"

"जुनं झालं म्हणे."

"जुनं तं हायच." ते खिडकीबाहेर पाहू लागले. कापूस वेचून झालेली शेतं मागं जात होती. "तू नको म्हणाली, मी ऐकायले नव्हतं पाहिजे. तीन थेंब टाकले असते तं चाललं असतं. चुकलं मायं."

नाही बाबा, एवढंच म्हणायचं होतं शकुनला, पण त्याच्यामागून बाकीचंही बाहेर आलं असतं. तिनं पिशवी छातीशी धरली आणि डोळे मिटून झोपल्याचं सोंग केलं. तिला फार एकटं वाटत होतं, वडील खांद्याला खांदा लावून बसले होते तरी.

दुसऱ्या दिवशी देवराव कचेरीत गेल्यावर तिनं आईला सगळं सांगितलं. भागीरथेनं चुलीपुढून उठून मोठी परात आणली, कंदिलातलं आणि डब्यातलं सगळं रॉकेल तिच्यात ओतलं आणि त्यात मशीन ठेवायला हात लावला. "त्याईले सांगू नको," एवढंच ती म्हणाली. दोन दिवस परात पलंगाखाली होती. त्या दोन्ही संध्याकाळी जेवणं दिवस मावळायच्या आत झाली. कंदील का लावला नाही, असं देवरावांनी विचारलं. रॉकेल संपलं, भागीरथेनं सांगितलं. मशीन कुठं आहे, असंही त्यांनी विचारलं. राहू द्या दोन दिवस, पोरीला त्याच्याकडं पाहवत नाही, ती म्हणाली. हे खोटं नव्हतं. देवरावांनी पुन्हा विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे शकुनला जाग आली तेव्हा ते वाटी आणि पीस घेऊन टेबलाशी आले होते. मशीन तिनं रात्रीच पुसून जागेवर ठेवलं होतं. ती गोधडीतून पाहत राहिली. उठून त्यांना थांबवायला हवं होतं, पण ती उठली नाही.

देवरावांनी झाकण काढलं. पीस आत नेलं आणि ते मध्येच थांबले. काड्यांचं बूड स्वच्छ होतं, लोखंड पांढरं दिसत होतं, पिवळेपणा कुठं नव्हता. त्यांनी वाकून वास घेतला. रॉकेल. त्यांनी पलंगाकडं पाहिलं, कोनाड्यातल्या कोरड्या कंदिलाकडं पाहिलं. एक काडी बोटानं वर उचलून सोडली. ती टक् करून खाली गेली. दुसरी उचलली, तीही गेली.

मग मशीनच्या मागं ठेवलेली डबी त्यांना दिसली.

ती हातात घेण्याआधी त्यांनी बोटं धोतराला पुसली. चोच त्यांनी ओळखली असणार. त्यांनी डबीचं बूड दाबलं, नखावर एक थेंब घेतला आणि खिडकीतल्या उजेडात धरला. पातळ होता, पिवळसर होता. त्यांनी तो नाकाशी नेला. मग त्यांनी नख वाटीतल्या तेलाजवळ नेलं, वाटीचा वास घेतला, पुन्हा नखाचा घेतला. डबी होती तिथं, अगदी त्याच जागी, ठेवून दिली. मशीनवर झाकण घातलं. वाटी घेऊन ते चुलीकडं गेले आणि शकुननं डोळे मिटून घेतले.

कचेरीत जायच्या आधी ते नेहमीप्रमाणं जेवायला बसले. भागीरथेनं ज्वारीची भाकरी वाढली, बाजूला लाल मिरचीची चटणी. देवरावांनी फळीवरून ती वाटी काढली आणि शकुनच्या चटणीवर धरली. तेल पडत राहिलं. चटणी बुडाली, तेल भाकरीच्या कडेला गेलं, तरी ते ओततच होते.

"अवो, किती टाकता," भागीरथा म्हणाली. "सारं आजच सरवता का?"

"खाऊ दे," देवराव म्हणाले. त्यांनी वाटी तळापर्यंत निथळू दिली. "खायचंच तेल हाय ते."

शकुननं मान वर केली नाही. तिनं भाकरीचा तुकडा मोडला आणि तेलात बुडवला.